बहुक्षम पेशींचे पूर्वावस्थेत प्रत्यागमन : एक संकल्पनाविचार

‘भ्रूणीय मूलपेशी’ या संज्ञेतून विकासाचा आरंभबिंदू सूचित होतो. उंदराच्या बाबतीत ही समजूत बरीचशी खरी आहे. मानवाच्या बाबतीत तीत दुरुस्ती करावी लागते. १९८१ मध्ये उंदराच्या आणि १९९८ मध्ये मानवाच्या भ्रूणापासून अशा पेशी मिळवण्यात आल्या. दोन्ही बहुक्षम, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या. तथापि त्यांची लक्षणे जुळत नव्हती. २००७ मध्ये, गर्भाशयात रुजलेल्या उंदीरभ्रूणापासून मिळवलेल्या पेशी मानवी पेशींशी अधिक मिळत्याजुळत्या आढळल्या. भेद केवळ प्राणिजातीचा नसून अवस्थेचाही आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. २००९ मध्ये जेनिफर निकोल्स व ऑस्टिन स्मिथ यांनी या अवस्थांना ‘नेईव्ह’ आणि ‘प्राइम्ड’ अशी नावे दिली. पहिलीसाठी ‘निरागस’ हा कोशगत पर्याय नैतिक छटा आणतो. म्हणून येथे ‘आद्य’ आणि ‘उद्युक्त’ हे शब्द योजले आहेत.

उद्युक्त पेशीला आद्य अवस्थेत नेणे म्हणजे तिची जनुकसंहिता बदलणे नव्हे. अक्षरे तीच राहतात. त्यांपैकी काय वाचले जावे आणि काय मिटलेले राहावे, हे बदलते. डीएनएवरील मिथाइल खुणा हे या नियमनाचे एक साधन होय. २०१४ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी मानवी पेशींत नॅनॉग व केएलएफ२ ही दोन जनुके अल्पकाळ कार्यान्वित केली आणि विशेषीकरणाकडे ढकलणारे संदेशमार्ग रासायनिक निरोधकांनी अडवले. पुढे जनुकांचा हा बाह्य आधार काढून घेतला, तरी पेशी नव्या अवस्थेत टिकल्या. त्यांच्यातील मिथाइल खुणाही मोठ्या प्रमाणावर घटल्या होत्या.

कॉनराड वॉडिंग्टन यांच्या १९५७ मधील प्रसिद्ध प्रतिमेत पेशीचा विकास म्हणजे उतारावरून दऱ्यांत घरंगळणारा गोळा. त्या प्रतिमेत परतीची वाट नव्हती. ती वाट असल्याचे जॉन गर्डन यांच्या १९६२ मधील आणि शिन्या यामानाका यांच्या २००६ मधील कार्याने दाखवले. मात्र परतीला मोल पडते. नैसर्गिक भ्रूणात व्यापक पुसणी होत असतानाही काही जनुकांवरील मातृक व पैतृक खुणा सुरक्षित राहतात. प्रयोगशाळेत आद्य केलेल्या मानवी पेशींत त्यांपैकी अनेक नष्ट होतात आणि पेशी पुन्हा विशेषित झाल्या तरी परत येत नाहीत. उपचारांसाठी अशा पेशी वापरण्यातील हा एक गंभीर अडसर आहे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास हा पेच अपरिचित नाही. नंतरच्या खुणा काढून सिद्ध केलेला पाठ मुळाच्या जवळ जातो. तो मूळच असतो असे नाही. ‘पूर्वावस्था’ ही संज्ञाही याच मर्यादेत वाचावी लागते.