हलत्या चित्रांचे आयुष्य

ओसरीवर बसून मुले मोबाइलच्या पडद्यावर बोटाने चेंडू उडवीत असतात, हे आपण सर्वच पाहतो. तो चेंडू खरोखरी चालत नसतो, हे सांगितल्यास लहानांस नवल वाटेल. स्थिर चित्रांची मालिका डोळ्यांपुढून झरझर सरकते आणि डोळा तिलाच गती समजतो. बहुतेक पडदे सेकंदास ६० वेळा ताजे होतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्यास सेकंदाचा साठावा भागच येतो. तेवढ्या अवधीत ब्राउझर जुने चित्र पुसतो, चेंडूची नवी जागा मोजतो व तो पुन्हा रेखाटतो. बोट लागले की प्रोग्राम त्याची नोंद घेऊन पुढील चित्र बदलतो.

येथे नवशिका एक चूक हटकून करतो. दर चित्रागणिक चेंडू पाच ठिपके पुढे सरकवावा, अशी आज्ञा तो लिहितो. मग सेकंदास १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर तोच चेंडू दुप्पट वेगाने धावतो. जाणता मनुष्य मागील चित्रापासून किती काळ लोटला ते पाहून अंतर ठरवितो.

परंतु याहून मोठा धोका निराळाच आहे. १९९६ साली मॅक्रोमीडिया कंपनीने एक चित्रसाधन विकत घेऊन त्यास 'फ्लॅश' हे नाव दिले. पुढे ते अडोबीकडे गेले. त्यावर असंख्य खेळ व व्यंगचित्रे निर्माण झाली. मात्र ती पाहण्यास ब्राउझरला त्या कंपनीचे जोडसाधन लावावे लागे. आयफोनने ते कधीच स्वीकारले नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने त्याचा सांभाळ थांबविला व १२ जानेवारी २०२१ पासून ती चित्रे त्यात उघडेनाशी झाली. कित्येकांची वर्षांची मेहनत अशी एकाएकी कुलूपबंद झाली! 'रफल' नावाचा मुक्त प्रोग्राम रचून स्वयंसेवकांनी त्यातील पुष्कळ खेळ पुन्हा चालते केले, हे त्यांचे उपकारच म्हणावयाचे.

परक्या विहिरीवर मळा लावणाऱ्याने पाण्याची चिंता आधी करावी. २००४ साली अॅपलने आणलेले 'कॅनव्हास' हे साधन पुढे सर्व ब्राउझरांचे सामाईक प्रमाण झाले. त्यास वेगळे जोडसाधन लागत नाही. आपल्या घरातील मुलामुलींस हे शिकावयाचे असेल, तर त्यांनी तेथूनच आरंभ करावा आणि आपल्या कामाची मूळ प्रत जपून ठेवावी, इतकेच आमचे सांगणे आहे.