गायक नसलेल्या बँडला सभागृह हवं

स्टेजवर दोन गिटार, एक बेस, ड्रम्स. मधोमध माइक नाही. चार मिनिटं जातात, पाच जातात, आणि मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारतं, "अरे, गाणं कधी सुरू होणार?" नुसत्या वाद्यांवर रॉक वाजवणाऱ्या पोरांना हा प्रश्न नवा नसतो. पण तो पुण्यात विचारला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. शब्दांवाचूनचं संगीत तासन् तास ऐकायची सवय या गावाला केव्हाची आहे! भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो पुढे रात्र रात्र चालायचा. त्यात गाण्याइतकीच बासरी, सतार, सरोदही माणसं सतरंजीवर बसून मन लावून ऐकत आली. शिवकुमार शर्मांचं संतूर घ्या. मींड काढता येत नाही म्हणून जाणकारांनी ज्या वाद्यावर शंका घेतली, त्याला पुण्यानं डोक्यावर घेतलं. म्हणजे कान तयार आहेत. अडलंय ते दुसरीकडे.

पुण्याशी नातं सांगणाऱ्या अशा बँडपैकी सर्वांत लांब पोचलेला म्हणजे 'ॲजवीकीपसर्चिंग'. इंग्रजीतले चार शब्द एकमेकांना चिकटवून केलेलं हे नाव. अहमदाबाद आणि पुणे अशी या बँडची दोन घरं. उद्दीपन सर्मा या गिटारवादकानं 2013 च्या सुमारास तो उभा केला. 'ख्वाब' (2015), 'झिया' (2017) आणि 'रूह' (2019) हे त्यांचे अल्बम ओळीनं ऐकले की हात कसा बसत गेला ते कळतं. आवाज अगदीच नाही असं नव्हे. अधूनमधून हिंदीत दोनचार ओळी येतात, पण त्या गिटारच्या मागे, धुक्यात राहतात. आवाजही तिथे एक वाद्यच होतो. ब्रिस्टलजवळ भरणाऱ्या आर्कटॅन्जेंट या महोत्सवातही हा बँड वाजवून आला. तो महोत्सव अशाच संगीताचा आहे.

या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात. सायमन रेनल्ड्स या इंग्रज समीक्षकानं 1994 मध्ये हा शब्द रूढ केला. वाद्यं रॉकचीच, पण त्यांच्याकडून काम वेगळं करून घ्यायचं. कडवं, ध्रुवपद, सोलो ही चौकट सोडून द्यायची आणि नादाचे थर चढवत न्यायचे. ग्लासगोचा मोगवाई, टोकियोचा मोनो, टेक्ससमधला एक्सप्लोजन्स इन द स्काय ही यातली मोठी घराणी. गायकाविना रॉक ही काही नवी टूम नव्हे. अमेरिकेत लिंक रे याच्या 'रंबल' या 1958 च्या तुकड्यावर काही रेडिओ केंद्रांनी बंदी घातली होती. त्यात एकही शब्द नव्हता. नुसत्या गिटारच्या खरखरीनं पोरं बिघडतील, ही भीती! वाद्यात किती ताकद असते, याचं याहून बोलकं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही.

हे संगीत घडतं कसं, ते जॅमरूममध्ये गिटारवादकाच्या पायाशी बसून पाहावं. समोर फळीवर ओळीनं पेडलं मांडलेली असतात. त्यातलं डिलेचं पेडल वाजलेला सूर ठरावीक वेळानं परत पाठवतं. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली तर एक ठोका 500 मिलिसेकंदांचा होतो. पेडल 375 वर लावलं, की परतणारा सूर पाऊण ठोक्यावर येऊन पडतो. वादक सरळ अर्ध्या ठोक्याचे सूर छेडत असतो. परतणारे सूर नेमके त्यांच्या मधल्या जागा भरतात आणि ऐकणाऱ्याला दुप्पट दाट वीण ऐकू येते. एक माणूस दोघांचं वाजवतो. पण लय जराशी सरकली तरी ही वीण उसवते, म्हणून ड्रमर कानात क्लिक लावून बसतो आणि अख्खा बँड त्याच्या भरवशावर चालतो. दुसरा गिटारवादक तोवर इ-बो नावाची मुठीएवढी वस्तू तारेवर नुसती धरतो. आतल्या विद्युतचुंबकामुळे तार न छेडता थरथरत राहते, सूर गजानं ओढल्यासारखा लांबत जातो.

मग येतो हिशेब. गिटार सात मात्रांचं आवर्तन घेते, ड्रम्स चारचं. दोघं 28 मात्रांनी एकत्र येतात. तबल्याच्या साथीला बसलेल्या पुणेकराला इथे काहीही समजावून सांगावं लागणार नाही. सम आली की त्याची मान आपसूक हलेल. आलापातून जोड, जोडातून झाला ही चढणही त्याच्या ओळखीची. मात्र इथे रागाचं व्याकरण नाही. इथे चढते ती घनता आणि आवाजाची पातळी. सहा मिनिटं कुजबुजल्यासारखं वाजवून सातव्या मिनिटाला चौघं एकदम कोसळतात. ते कोसळणं अंगावर येतं, कारण आधीची कुजबुज आपण कान देऊन ऐकलेली असते.

आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. पबमध्ये ती कुजबुज ऐकूच जात नाही. ग्लास, गप्पा, किचनमधला मिक्सर यांच्याखाली ती बुडते आणि उरतो तो फक्त गोंगाट. पबमालकाला दोष देता येणार नाही. त्याचा धंदा टेबलावरच्या बिलावर चालतो. उलट कोरेगाव पार्क आणि आसपासच्या 'हाय स्पिरिट्स'सारख्या जागांनी वर्षानुवर्षं नव्या बँडना स्टेज दिलं, तेव्हा कुठे इथे स्वतःची रचना वाजवायची चाल पडली. 'एनएच 7 वीकेंडर' हा महोत्सवही 2010 मध्ये पुण्यातच सुरू झाला. पण महोत्सव वर्षातून एकदा, आणि पबची अडचण नुसत्या गोंगाटाची नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 आहे, कडक दारूसाठी 25. या संगीताचा हक्काचा श्रोता म्हणजे सीओईपी, फर्ग्युसन, सिम्बायोसिसमधला अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. त्याला त्या दारातून आत घेताना दहा प्रश्न पडतात. तो मग हेडफोनवर ऐकतो. तिथला हिशेबही या रचनांना मानवणारा नाही. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक श्रवण मोजलं जातं. दोन मिनिटांचं गाणं असो की नऊ मिनिटांची रचना, मोजणी एकच.

पुण्यातल्या प्रायोगिक नाटकवाल्यांनी असाच पेच सोडवला होता. 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा उभं राहिलं. त्याला संगीत देणारे भास्कर चंदावरकर रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे आणि देशोदेशींचं संगीत पचवलेले होते. नवं वाजवायचं तर त्यासाठी जागा लागते. नाटकाला ती मिळत गेली. सुदर्शन रंगमंच झाला, ज्योत्स्ना भोळे सभागृह झालं, एरंडवण्यात 'द बॉक्स' उभा राहिला. कमी खुर्च्या, परवडणारं तिकीट, फोन बंद, दिवे मंद. वाद्यरॉकला याहून वेगळं काय हवंय? शिवाय फिरोदिया करंडकात हीच कॉलेजची पोरं गिटार, ड्रम्स, कीबोर्ड घेऊन रंगमंचावर वाजवतात. करंडक संपला की तीच पोरं पबच्या दारात उभी असतात, याला काय म्हणायचं!

ड्रम्सचा आवाज शंभर-दीडशे खुर्च्यांच्या सभागृहाला झेपेल का, ही शंका रास्त आहे. छोटे अँप, मागच्या भिंतीला जाड पडदे आणि ड्रमरच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश किंवा रॉड्स, एवढ्यानं बराच फरक पडतो. कायद्याचीही आडकाठी नाही. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकबंदीतून बंदिस्त सभागृहं वगळलेली आहेत, आणि तसंही सात ते नऊ पुरेसं आहे. दोन तासांत दोन बँड होतात. महिन्यातला एखादा सोमवार किंवा मंगळवार, नाटकाचा प्रयोग नसलेला, या पोरांसाठी राखून ठेवता येईल. भाडं तिकिटाच्या वाट्यातून घ्यावं, आगाऊ मागू नये. मात्र रंगमंच दुपारी तीनपासून ताब्यात द्यावा लागेल. दोन बँडची पेडलं, अँप आणि ड्रम्स जुळवून साउंडचेक उरकायचा म्हणजे चार तास लागतातच.