चेनसॉ सुरू होत नसल्यास काय करावे?

गोंदिया शहरास लागून असलेले फुलचूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हा धानाचा प्रदेश होय. येथे रोवणीच्या दिवसांस फार महत्त्व आहे. अशा दिवसांत वादळी पावसाने धुऱ्यावरील बाभूळ किंवा पळस उन्मळून पाटात आडवा पडला, म्हणजे पाणी अडते, चिखलणी खोळंबते आणि पऱ्हे वाजवीपेक्षा जास्त वाढतात. पडलेले झाड कुऱ्हाडीने तोडण्यात सबंध दिवस मोडतो. तेच काम पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला सर्वत्र चेनसॉ म्हणतात, थोड्या वेळात उरकते. परंतु अनेक महिने कोपऱ्यात पडून राहिलेले यंत्र नेमके त्याच दिवशी सुरू होत नाही, असा अनुभव पुष्कळांस येतो.

अशा वेळी दोरी पुनःपुन्हा ओढीत राहणे हा उपाय नव्हे. त्याने दोरी तुटते, इंजिनात पेट्रोल साचते आणि मूळ दोष तसाच राहतो. कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने फिरविणे तर त्याहून वाईट. दोष शोधण्यास एक ठरलेला क्रम आहे. त्या क्रमाने गेल्यास बहुतेक दोष शेतातच सापडतात.

इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : योग्य इंधन, पुरेशी हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब. यांपैकी कोणती कमी आहे, एवढेच शोधून काढावयाचे असते.

प्रथम बाहेरून पाहावे. बटण चालू स्थितीत आहे काय व टाकीत इंधन आहे काय, हे आधी पाहावे. यंत्र सपाट जमिनीवर ठेवून चेन ब्रेक लावावा. डाव्या हाताने पुढची मूठ घट्ट दाबून धरावी, उजव्या पायाचा पंजा मागच्या मुठीत ठेवावा आणि मगच दोरी ओढावी. यंत्र हवेत लोंबते धरून झटका देऊ नये; साखळी अंगावर येण्याचा धोका असतो. थंड इंजिन चोक पूर्ण लावून ओढावे. ‘फट्’ असा एक आवाज होताच चोक अर्ध्यावर आणावा व पुन्हा ओढावे. हा आवाज कानी न आल्याने चोक तसाच ठेवून ओढत राहणे, हे यंत्र सुरू न होण्याचे फार नेहमीचे कारण आहे.

नंतर इंधन तपासावे. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असल्याने त्याचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुस्तिकेत ५० : १ असे प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर, व २५ : १ असल्यास ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालावे. आजच्या पेट्रोलविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास पाहिजे. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत पुरेसे पाणी जमले, की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणून महिन्याहून जुने मिश्रण काढून टाकावे व ताजे भरावे. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते असे लिहिलेले असते. तेव्हा पुस्तिका अवश्य पाहावी.

यानंतर स्पार्क प्लग काढावा. बटण बंद करून प्लग काढावा व त्याचे टोक नीट पाहावे. हा प्लगच पुढील वाट दाखवितो.

प्लग ओला असल्यास इंधन पोहोचते आहे, पण पेटत नाही, असे समजावे. बटण बंद आणि चोक उघडा ठेवून, प्लग न बसविता, पाच-सहा वेळा दोरी ओढावी, म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडते. प्लग पुसून वाळवावा, काजळी ब्रशाने काढावी आणि फट पुस्तिकेप्रमाणे, साधारणतः अर्धा मिलिमीटर, ठेवावी.

प्लग कोरडा असल्यास इंधन वाटेतच अडले आहे. टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. त्याने यंत्र सुरू झाल्यास टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजले आहे. तसे नसल्यास टाकीतील नळीच्या टोकाची गाळणी वाकविलेल्या तारेने बाहेर ओढून पाहावी. ती मळली असल्यास बदलावी, व नळीला चीर गेली असल्यास नळी बदलावी.

ठिणगी पाहण्यासाठी सांडलेले पेट्रोल पुसून, कॅन तीन मीटर दूर ठेवावा. प्लग त्याच्या रबरी टोपीत बसवून टोपीनेच धरावा आणि त्याचे आटे सिलिंडरच्या धातूस, प्लगच्या छिद्रापासून दूर, टेकवावे. बटण चालू करून दोरी ओढली असता सावलीत निळी ठिणगी दिसली पाहिजे. न दिसल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहावा.

हवेची वाट मोकळी आहे काय? लाकडाच्या भुशाने एअर फिल्टर भरला, की इंजिन गुदमरते. फिल्टर झटकून, पुस्तिकेत तसे सांगितले असल्यास धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. धूर बाहेर जाण्याच्या वाटेवरील जाळीही काजळीने बुजते; तीही साफ करावी.

इतके करूनही यंत्र सुरू न झाल्यास दोरी हलक्या हाताने ओढून पाहावी. ती काहीही विरोध न करता सहज आली, तर दाब गेला आहे. तेल न मिसळलेल्या पेट्रोलवर चालविलेल्या यंत्राची पुष्कळदा हीच गत होते. दट्ट्या थोड्याच वेळात ओरखडतो. हा दोष, तसेच कार्बोरेटरमधील कडक झालेला पडदा, कारागिराकडेच न्यावा.

मुख्य उपाय मात्र आधीच करावयाचा असतो. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरात काही उरत नाही. रोहिणी नक्षत्र लागताच, मेअखेरीस, ताजे मिश्रण भरून यंत्र एकदा चालवून पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाण्याविषयी माहिती देतानाच ही आठवण शेतकरी बंधूंना करून द्यावी. मेमध्ये सापडलेला दोष स्वस्तात निघतो. रोवणीत सापडलेल्या दोषापायी पाण्याची पाळी हातची जाते.