पॉलिसी कपाटात, पाटल्या गहाण!

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, काठ बघतो, दुकानाच्या दारात नेऊन उजेडात रंगही बघतो. आणि हजारो रुपये भरून घेतलेली आरोग्यविम्याची पॉलिसी? ती पाकिटासकट कपाटात, साड्यांच्या घडीखाली! खरं की नाही?

माझ्या धाकट्या जावेचं असंच झालं. ती इंदापूरची. मागच्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे बारामतीला आली. “ताई, दोन लाखांचा विमा आहे, काळजी नाही,” म्हणाली. सोबतीला कुणी राहील म्हणून दिवसाला ४,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. चार दिवसांचं बिल झालं ८६,०००. कंपनीकडून मिळाले ५३,०००. उरलेल्या पैशांसाठी बिचारीच्या पाटल्या गहाण पडल्या. जो तो म्हणे, “कंपनीनं फसवलं.” रात्री चष्मा लावून मी पॉलिसी वाचायला बसले, तेव्हा कळलं, फसवलं कुणीच नव्हतं, आम्ही वाचलंच नव्हतं!

म्हणून मैत्रिणींनो, या चार गोष्टी आधी बघा.

खोलीभाड्याची मर्यादा : तिच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० होती. खोली घेतली दुप्पट भाड्याची. त्यामुळे १६,००० भाड्यापैकी ८,००० मिळाले, ते समजण्यासारखं. पण डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही खोलीप्रमाणे वाढतात, म्हणून तेही ५०,००० पैकी निम्मेच धरले! औषधं-तपासण्यांचे २०,००० तेवढे पूर्ण मिळाले.

प्रतीक्षा काळ : नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघाताखेरीज सहसा काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या बीपी, शुगरसाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं. फॉर्म एजंटनं भरला तरी सही आपली असते, बरं का! सासूबाईंची शुगर लपवाल, तर ऐन वेळी क्लेम नाकारला जाईल.

को-पे : बिलातला ठरावीक हिस्सा आपण भरायचा. ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांच्या सारख्या पॉलिसीत तो पाच टक्के आहे.

कॅशलेस : याचा अर्थ सगळं फुकट असा नव्हे. कंपनीच्या यादीतल्या दवाखान्यात मान्य झालेली रक्कम कंपनी परस्पर भरते, एवढंच. अर्ज आल्यावर एका तासात आणि घरी सोडताना तीन तासांत कंपनीनं निर्णय द्यावा, असा २०२४ पासून नियम आहे. यादीबाहेरच्या दवाखान्यात आधी आपण भरायचे; मग मूळ बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जोडून मागायचे. चिठोरं म्हणून एकही पावती टाकू नका!

आणि विमाच नसला तर? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे. केशरीच काय, पांढरं कार्डही चालतं. योजनेतल्या दवाखान्यात ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. दाराशी ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला दाखल होण्यापूर्वीच विचारा.

क्लेम चुकीचा नाकारला, तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. तिथं ना फी, ना वकील.

आज दुपारी झाकपाक आवरली की पॉलिसी बाहेर काढा. विमा रक्कम, खोलीभाडं, प्रतीक्षा काळ, को-पे, जवळचा कॅशलेस दवाखाना आणि हप्त्याची तारीख एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माणूस आजारी पडल्यावर बारीक अक्षरं वाचायला कुणाचं डोकं थाऱ्यावर असतं?

जावेच्या पाटल्या उसाचं बिल आल्यावर सुटल्या. आता तिच्या कपाटाला आतून असा कागद आहे. आणि खरं सांगते, तिचं बघून मीही माझा लिहिला!