कार्थेजकरांचे पणजोबा

सई, मिहीर, ऐका तर. १९९४ साली ट्युनिशियातल्या बिर्सा टेकडीवर, तिथल्या संग्रहालयाजवळ, माळी झाडं लावायला खड्डे खणत होते. एका खड्ड्याखाली पोकळी लागली. आत थडगं आणि थडग्यात एका तरुणाचा सांगाडा. वय एकोणीस ते चोवीसच्या मधलं, उंची साधारण एक मीटर सत्तर सेंटिमीटर, आणि सोबतीला ताईत वगैरे वस्तू. अडीच हजार वर्षं गडी तिथं पडून होता आणि वरून माणसं ये-जा करत होती. लोकांनी त्याला नाव दिलं अरीश.

ही टेकडी म्हणजे जुन्या कार्थेज शहराचं काळीज. हो सई, तेच कार्थेज, हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबलचं. पण हॅनिबल फार पुढचा. शहर वसवलं ते फिनिशियन लोकांनी. आजचा लेबनॉन आहे ना, त्या किनाऱ्यावर टायर, सायडन, बिब्लॉस अशी त्यांची बंदरं होती. शेतीला जमीन अपुरी, मागे डोंगर, डोंगरावर देवदार, पुढे समुद्र. मग करायचं काय? जहाजं बांधायची आणि व्यापार करायचा. समुद्रातल्या गोगलगायींपासून ते जांभळा रंग काढत, राजेरजवाडे त्याच्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तसा रंग काढून पाहिला, तर बारा हजार गोगलगायींतून निघाला जेमतेम दीड ग्रॅम! त्यांच्या बंदरांपाशी शंखांचे नुसते ढीग सापडतात.

आता कार्थेजची जन्मकथा. टायरच्या राजाची बहीण एलिसा. भावानं तिच्या नवऱ्याला संपत्तीपायी मारलं, तेव्हा ती रातोरात गलबतं घेऊन निघाली. इसवी सनपूर्व ८१४ हे साल परंपरेनं सांगतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिनं एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या काढून अख्खी टेकडी वेढली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माझ्या आवडीचा तुकडा मात्र दुसराच आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. वाटेत सायप्रसला गलबतं थांबली, तेव्हा एलिसानं तिथल्या ऐंशी मुली बरोबर घेतल्या, आपल्या माणसांना बायका हव्यात म्हणून. रोमन इतिहासकार जस्टिननं हे लिहून ठेवलंय. म्हणजे दंतकथेतसुद्धा टायरचं गलबत कार्थेजला पोचेपर्यंत निव्वळ टायरचं राहिलेलं नाही!

आता अरीशकडे वळू. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या लिसा मॅटिसू-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या हाडातून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मिळवला. २०१६ मध्ये निकाल छापून आला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, बाप त्यात काही भर घालत नाही. तेव्हा आईची आई, तिची आई, असं सरळ मागं जाता येतं. सगळ्यांना वाटत होतं, लेबनॉनकडची खूण निघेल. निघाली भलतीच. यू५बी२सी१ नावाचा गट, युरोपातल्या फार जुन्या शिकारी लोकांचा. स्पेनमध्ये ला ब्रान्याच्या गुहेत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा एक शिकारी सापडलाय, त्याच्यातही तोच गट.

मिहीर, तू लगेच म्हणशील, मग तो फिनिशियन नव्हताच. थांब. दहा पिढ्या मागं जा. आई-वडील दोन, आजे-आज्या चार, मग आठ, असं करत दहाव्या पायरीवर १०२४ जागा होतात. मायटोकॉन्ड्रिया त्यातल्या एकाच बाईबद्दल बोलतो. उरलेल्या १०२३ जणांबद्दल चकार शब्द नाही. एका धाग्यावरून वंश ठरवायचा म्हणजे वंशावळीतली एकच ओळ वाचून घराण्याचा निकाल लावायचा. २००८ मध्ये याच्या उलट झालं होतं. त्या वेळी आजच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा धागा, तपासून म्हटलं गेलं की भूमध्य सागराच्या काठी दर सतरा पुरुषांत एक फिनिशियन वंशाचा असावा. तेव्हा वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला. पण तोही एकच धागा, आणि तोही आजच्या जिवंत माणसांवरून ओढलेला.

खरं बोलतं ते सबंध जनुकसंच, आणि तेही त्या काळच्या माणसांचं. पण अडीच हजार वर्षांच्या हाडात उरतं काय? डीएनए झिजतो, तुटतो, तुकडे बहुतेक शंभर अक्षरांच्या आतच असतात. उष्णता तर त्याची वैरीण. आपल्याकडचंच पाहा. हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूनं उत्खनन केलं. ६१ नमुने तपासले, तेव्हा कुठं एका बाईचा डीएनए हाती लागला. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ट्युनिशियाचा उन्हाळा काही फार मवाळ नाही, तेव्हा तिथले लोकही रडकुंडीला येत असणार.

उपाय सापडला कानामागे. तुझ्या कानामागे बोट लाव, सई. त्याच्या आत, अंतःकर्णाभोवती, कवटीचं एक हाड असतं, अंगातल्या सगळ्यात घट्ट हाडांपैकी. बाकीचा सांगाडा हात टेकतो तिथंही ते डीएनए सांभाळून ठेवतं. शास्त्रज्ञ डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे, मुखपट्ट्या, दोन-दोन हातमोजे घालून त्यातली चिमूटभर भुकटी काढतात. झगे कशाला? मेलेल्या माणसाला आपलं सर्दी-पडसं लागू नये म्हणून नव्हे! आपल्या शिंकेतला डीएनए त्या प्राचीन तुकड्यांत मिसळला तर कार्थेजचा माणूस थेट प्रयोगशाळेतलाच निघायचा. खरा-खोटा ओळखायची युक्तीही गमतीची आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ हे अक्षर जुन्या तुकड्यांच्या टोकाशी बिघडतं आणि वाचताना ‘टी’ दिसतं. टोकांना अशी बिघडलेली अक्षरं भरपूर दिसली की समजायचं, माल जुना आहे. ताज्या डीएनएला अशी टोकं नसतात. बिघाड हाच पुरावा!

२०२५ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये मोठं काम आलं. लेप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतले हारल्ड रिंगबाउअर आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या बरोबर कितीतरी जण होते. २१० प्राचीन माणसं, त्यातली बहुतेक फिनिशियन आणि प्यूनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौदा ठिकाणची. प्यूनिक म्हणजे कार्थेजच्या पंखाखालचे. सिसिली, सार्डिनिया, इबिझा, स्पेन, उत्तर आफ्रिका, सगळीकडचे. यांची भाषा फिनिशियन घराण्यातली, लिपी फिनिशियनांचीच, बावीस अक्षरांची, देव बाल हम्मोन आणि तानित. आणि रक्त? लेबनॉनकडचं जवळजवळ नाहीच! बहुतांश वारसा जुळला तो सिसिली आणि एजियन समुद्राकडच्या लोकांशी, म्हणजे ग्रीकांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी. काहींच्यात उत्तर आफ्रिकेचा वाटा होता, पण खुद्द कार्थेजमध्येही तो कमीच. शिवाय एकाच दफनभूमीत शेजारी-शेजारी निजलेली माणसं वंशानं एकमेकांहून वेगळी.

त्याच कामात एक नातं सापडलं आणि मला तर ते सगळ्या टक्केवारीपेक्षा मोलाचं वाटतं. समजा, पणजीचं नऊवारी लुगडं आहे. लेकीनं ते फाडून अर्धं गोधडीत घातलं, नातीनं त्या गोधडीतलं काही आपल्या गोधडीत घातलं. दर पिढीला तुकडे आखूड होत जातात. मग दोन घरांतल्या गोधड्यांत एकाच लुगड्याची लांबलचक पट्टी दिसली, तर ओळखावं, लुगडं फाडून फार पिढ्या झालेल्या नाहीत. डीएनएचंही तसंच. दोन सांगाड्यांत अक्षरन् अक्षर जुळणाऱ्या लांब पट्ट्या निघाल्या, साधारण पणजोबा-पणजी एकच असलेल्या भावंडांत असतात तेवढ्या. एक पुरलेला उत्तर आफ्रिकेत, दुसरा सिसिलीत. मध्ये दीडेकशे किलोमीटर समुद्र. पणजोबांची पोरं दोन किनाऱ्यांवर विखुरली, एवढंच. आज पुणे आणि न्यू जर्सी असतं तसं.

तर मग टायरची माणसं गेली कुठं? पहिलं म्हणजे, ही हाडं बहुतेक इसवी सनपूर्व सहाव्या ते दुसऱ्या शतकातली आहेत. त्याआधीचे फिनिशियन बरेचदा प्रेतं जाळत आणि भाजलेल्या हाडात वाचण्याजोगा डीएनए क्वचितच उरतो. तेव्हा एलिसाच्या गलबतातली पहिली पिढी अजून आपल्याशी बोललेलीच नाही. दुसरं, वखारीवर येणारे व्यापारी मूठभर असणार आणि भोवती माणसांचा सागर. शहर वाढलं ते बाहेरून आलेल्यांनी, लग्नांनी, सैन्यात भरती झालेल्यांनी. हा माझा अंदाज, पण मला तरी पटतो.

मायदेशी मात्र चित्र उलटं. सायडनच्या थडग्यांत सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या पाच कनानी लोकांचा डीएनए मिळाला, २०१७ मध्ये. फिनिशियन हे त्या कनानींचेच वंशज. आजच्या लेबनीज लोकांच्या वारशातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग त्यांच्याशी जुळला. बाबिलोनी आले, इराणी आले, ग्रीक, रोमन, अरब, तुर्क आले, आणि तरीही.

आणि तिकडे, रक्ताच्या हिशोबानं टायरशी फारसं देणंघेणं न उरलेल्या कार्थेजनं काय करावं? शतकानुशतकं ते टायरच्या मेलकार्ट देवाच्या देवळाला नजराणा पाठवत राहिलं. इसवी सनपूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडरनं सात महिने वेढा घालून टायर जिंकलं, तेव्हा देवळात आसरा घेतलेल्यांना त्यानं जीवदान दिलं. आरियननं त्यांची यादी दिलीय. त्यात टायरचा राजा होता, बडे अधिकारी होते आणि जुन्या प्रथेप्रमाणे मातृनगरीतल्या देवाच्या पूजेला कार्थेजहून आलेले काही दूतही होते.