उन्हाळा झोपून काढणारे जीव

या बाळांनो, बसा असे जवळ. थंडीत गुहेत झोपून राहणारं अस्वल तुम्हाला माहीत आहे. आज ऐका उन्हाळा झोपून काढणाऱ्यांची गोष्ट.

इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आली. शंखात हालचाल नव्हती. मेलेलीच समजून लोकांनी तो शंख १८४६च्या मार्चमध्ये पुठ्ठ्यावर चिकटवून टाकला. चार वर्षं गेली. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. १८५०च्या मार्चमध्ये कुणाला तरी शंखाच्या तोंडाजवळ कागदावर डाग दिसला. शंख कोमट पाण्यात ठेवला, आणि गोगलगाय शिंगं काढून चालू लागली! मग तिने कोबीचं पानही खाल्लं.

ती जगली कशी? गोगलगाय अंगातला चिकट स्राव शंखाच्या तोंडाशी पसरते. तो वाळला की पापुद्रा तयार होतो आणि आतली ओल आतच राहते. हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास मंदावतो, अंगातली पुंजी पुरवून पुरवून वापरली जाते.

शास्त्रज्ञ याला ‘एस्टिव्हेशन’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘ऐस्तास’ म्हणजे उन्हाळा आणि ‘ऐस्तिवारे’ म्हणजे उन्हाळा घालवणं. रोमन सैन्याच्या हिवाळी छावणीला ‘हीबेर्ना’ म्हणत. थंडीतल्या झोपेचं ‘हायबरनेशन’ हे नाव त्याच कुळातलं. आपण एकीला ग्रीष्मनिद्रा म्हणतो, दुसरीला शीतनिद्रा.

आफ्रिकेतला फुप्फुसमासा तर याहून पुढचा. तळं आटू लागलं की तो चिखलात बीळ करून वेटोळं घालतो. अंगावरचा बुळबुळीत थर वाळून त्याचा कोष होतो.

“पण आजोबा, पाण्याशिवाय मासा श्वास कसा घेतो?”

छान विचारलंस! त्याला कल्ल्यांबरोबर फुप्फुसंही असतात. कोषाला तोंडापाशी छिद्र असतं, तिथून तो हवा घेतो. खायला काही नसतं, तेव्हा स्वतःच्याच स्नायूंवर गुजराण करतो. पाऊस आला, तळं भरलं की कोष भिजतो आणि मासा पोहू लागतो.

आपल्याकडेही मातीत शिरून कोरडे महिने काढणारे बेडूक आहेत. पहिल्या पावसानंतर ते वर येतात आणि रात्रभर डरावतात.

म्हणून सांगतो, वैशाखात भेगाळलेलं डबकं दिसलं तर ते मेलं असं समजू नका. त्यात कचरा टाकू नका, ते बुजवू देऊ नका. तिथे कुणीतरी पावसाची वाट पाहत असतं.