कावीळ ‘ब’ आणि आमचें सोंवळें

डोळे पिवळे झाल्यावांचून कावीळ नाहीं, अशीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आणि ते झाले कीं गळ्यांत माळ घालणारेहि आपणच. परंतु ‘हिपॅटायटिस बी’ ही कावीळ बहुधा डोळ्यांत उतरतच नाहीं. तिचा विषाणु वीस-तीस वर्षें यकृतांत मुकाट्यानें राहतो, आणि कित्येकांच्या बाबतींत जलोदर वा कर्करोग होऊनच प्रकट होतो.

श्री. अमिताभ बच्चन यांना १९८२ सालीं ‘कुली’ चित्रपटाच्या वेळीं जबर दुखापत झाली, तेव्हां सुमारें २०० दात्यांचें रक्त त्यांस द्यावें लागलें. त्यांतूनच हा विषाणु आला, असें ते स्वतः सांगतात. तो उमगेपर्यंत यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. ज्यांच्या दाराशीं वैद्य उभे, त्यांची ही कथा. मग पनवेलपलीकडच्या मजुराची काय असेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२२ सालीं भारतांत सुमारें २ कोटि ९८ लक्ष लोकांना हा विकार होता. जगांतील अशा शंभर रुग्णांपैकीं निदान अवघ्या १३ जणांचें झालेलें, आणि उपचार तिघांना. औषध दुर्मिळ आहे म्हणावें, तर आपल्याकडे २०१८ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात. पण गोळीनें विषाणु दबतो, समूळ जात नाहीं. ज्यास कांहींच दुखत नाहीं, त्यानें वर्षानुवर्षें रोज गोळी घ्यावी, हें मोठें कठीण! त्यांत भर लोकलज्जेची.

नेरूळमधील आमच्या परिचयाच्या एका पदवीधर घरीं गरोदर सुनेच्या रक्ततपासणींत हा विकार आढळला. दुसऱ्याच दिवशीं तिचें ताट निराळें झालें. पोळपाटाला हात लावण्याची मनाई झाली. वस्तुतः एका पंक्तीनें वा तिच्या हातच्या अन्नानें हा रोग जडत नाहीं. तो जडतो रक्तावाटे, देहसंबंधावाटे आणि प्रसूतिसमयीं आईकडून अर्भकाकडे. त्याच घरांत बापलेक मात्र एकाच पात्यानें दाढी करीत होते! डॉक्टरांच्या आग्रहानें सर्वांचें रक्त तपासलें, तों थोरल्या दिरांच्या रक्तांतहि तोच विषाणु निघाला. त्यांचें ताट कोणीं निराळें केलें नाहीं.

खरी घाई बाळाची. जन्मतः लागण झालेल्या शंभर अर्भकांपैकीं सुमारें नव्वदांत हा विकार कायमचा घर करितो. प्रौढांत पांचांहूनहि कमी जणांत. म्हणून लसीची पहिली मात्रा जन्मापासून २४ तासांच्या आंत टोंचावी, आणि आई बाधित असल्यास तयार प्रतिद्रव्यांचें इंजेक्शनहि द्यावें. पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत येतात. आईनें अंगावर पाजण्यास हरकत नाहीं. घरांतील ज्या प्रौढांना लागण झालेली नाहीं, त्यांनींहि लस तीनदां घ्यावी: आज, महिन्यानें आणि सहाव्या महिन्यांत.